ट्रायथलॉन सुरू करताना: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या नव्या मंडळींचे नेहमीचे प्रश्न

हौस आहे, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशांसाठी ही माहिती आहे. बहुतेक जण आधी सायकल बघायला जातात. खरं तर आधी पोहायचा तलाव गाठायला हवा, आणि तोही एकट्याने नाही. खालच्या उत्तरांमध्ये पाण्याबद्दल सगळ्यात जास्त लिहिलंय ते त्यासाठीच.

ट्रायथलॉन म्हणजे नेमकं किती अंतर?

आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं. एकदा घड्याळ सुरू झालं की शेवटपर्यंत थांबत नाही. ओले पाय पुसून बूट घालायला लागलेला वेळही तुमच्याच खात्यात जमा होतो. सगळ्यात जास्त चालणारी छोटी शर्यत म्हणजे स्प्रिंट: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. ऑलिम्पिक अंतर याच्या दुप्पट, म्हणजे १.५, ४० आणि १० किलोमीटर. २००० साली सिडनीत हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला तो याच अंतराने. हाफ म्हणतात ती १.९, ९० आणि २१.१ किलोमीटरची; गोव्यात मिरामार किनाऱ्यावर २०१९ साली सुरू झालेली शर्यत या अंतराची. फुल म्हणजे ३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटर.

गोव्याचे फोटो बघून पहिल्याच वर्षी हाफचे पैसे भरू नका. आधी एक स्प्रिंट, जमलं तर एक ऑलिम्पिक, मग हाफ.

क्लब कशाला हवा? एकट्याने नाही का होत?

धावणं एकट्याने होतं. सायकलही बऱ्यापैकी होते. पाण्यात मात्र एकट्याने काहीही करायचं नाही, आणि स्वतःचं पोहणं स्वतःला दिसतही नाही. कंबर बुडतेय, हात मधली रेषा ओलांडून जातोय, श्वास धरून ठेवलाय, हे काठावर उभा असलेला माणूस दोन मिनिटांत सांगतो. एकटा माणूस तीच चूक घेऊन सहा महिने तलावाच्या लांब्या मारत राहतो.

दुसरं कारण म्हणजे उघड्या पाण्यातला, म्हणजे नदी-तळ्यातला सराव. सोबत होडी, दोरी आणि चांगलं पोहणारे चार जण असल्याशिवाय तो करूच नये, आणि एवढी जुळवाजुळव क्लबच करू शकतो.

आपल्याकडे 'ट्रायथलॉन क्लब' अशी पाटी फारशी दिसत नाही. पोहणाऱ्यांचा एक गट असतो, सायकलवाल्यांचा दुसरा, धावणाऱ्यांचा तिसरा, आणि काही जण तिन्हीकडे असतात. त्या तिन्हीकडच्या लोकांना शोधा. पहाटे जलतरण तलावाच्या दारात चौकशी केलीत तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर असाल.

क्लबमध्ये नाव घालण्याआधी काय विचारायचं?

पाण्यात उतरल्यावर काठावर जीवरक्षक किंवा प्रशिक्षक कोरडा उभा असतो का, की तोही पोहत असतो? सायकल फेरीत सगळ्यात मागे कोण थांबतं? नव्याचं पंक्चर झालं तर गट थांबतो का? उघड्या पाण्यात उतरण्याआधी किती मीटर सलग पोहून दाखवावं लागतं? या शेवटच्या प्रश्नाला 'या की, काय होत नाही' असं उत्तर आलं तर दुसरा क्लब बघा.

पैसे भरण्याआधी एक आठवडा नुसतं जाऊन बघायला मिळतं का तेही विचारा. चांगले लोक नाही म्हणत नाहीत.

मला लहानपणापासून विहिरीत पोहता येतं. तेवढं पुरे ना?

अर्धं काम झालंय. विहिरीत शिकलेल्या माणसाला खोल पाण्याची भीती नसते, आणि हा धीटपणा शिकवून येत नाही. शहरात चार फुटी तलावात शिकलेला माणूस चाळीस लांब्या मारतो, पण खालचा तळ दिसेनासा झाला की घाबरतो. क्लबमध्ये दोन्ही प्रकारचे लोक असतात आणि एकमेकांचं बघून शिकतात.

विहिरीची अडचण वेगळी आहे. तिथे अंतर कमी, त्यामुळे मान वर काढूनच पोहायची सवय लागते. मान वर गेली की कंबर आणि पाय खाली जातात, आणि सगळी ताकद पाय वर ठेवण्यात खर्च होते. शंभर मीटरला धाप लागते ती दम कमी असल्यामुळे नाही, शरीर तिरकं असल्यामुळे.

सुधारणा अशी. पहिले दोन आठवडे काठ धरून तोंड पाण्यात घाला आणि नाकातोंडातून सावकाश बुडबुडे सोडा. सगळी हवा बाहेर गेल्यावरच तोंड बाजूला वळवून श्वास घ्या. पाण्यात श्वास धरून ठेवला की वर आल्यावर आधी सोडायचा, मग घ्यायचा, एवढा वेळ मिळत नाही. घाबरं होतं ते त्यामुळे. मग एका कुशीवर राहून, खालचा हात पुढे ताणून, नुसते पाय मारत २५ मीटर. डोकं पाण्यात, नजर थेट तळाकडे. हे जमलं की हात आपोआप सुधारतात.

अजिबात पोहता येत नसेल तर?

मोठ्या वयातही शिकता येतं, फक्त उन्हाळी शिबिराच्या गर्दीत नको. एप्रिल-मे महिन्यात तलाव पोरांनी भरलेला असतो आणि प्रशिक्षकाला तुमच्याकडे बघायला वेळ नसतो. बेळगावात गोवावेसचा महापालिकेचा तलाव आहे, जेएनएमसी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात केएलई संस्थेचा ऑलिम्पिक आकाराचा तलाव आहे. मोठ्यांची वेगळी बॅच कधी असते ते विचारून घ्या.

आठवड्यातून तीनदा गेलात तर साधारण असा क्रम धरा. पहिला महिना श्वास, तरंगणं आणि २५ मीटर. दुसऱ्या महिन्यात ५० मीटर दहा वेळा, मध्ये वीस-तीस सेकंद थांबून. तिसऱ्यात १०० मीटर चार वेळा, मग ४०० सलग. ४०० सलग झालं की ७५० दूर नाही. वेगाची चिंता करू नका. पहिल्या स्प्रिंटला ७५० मीटरला वीस-पंचवीस मिनिटं लागली तरी काही बिघडत नाही.

एक गोष्ट नव्यांना माहीत नसते: ट्रायथलॉनमध्ये कुठल्याही प्रकाराने पोहता येतं. दमलात तर ब्रेस्टस्ट्रोक करा, पाठीवर वळा, होडी किंवा बोया (पाण्यावर तरंगणारा फुगा) धरून दोन मिनिटं थांबा. धरलेलं असताना पुढे सरकायचं नाही, इतकंच. मदत हवी असेल तर हात वर करायचा.

नदीत किंवा गावच्या तळ्यात सराव कधी करायचा?

तलावात ४०० मीटर सलग झाल्यावर, क्लबबरोबर, दिवसाउजेडी, आणि त्या गावच्या पंचायतीला किंवा पाटबंधारे खात्याला विचारून. कुठे नाही ते आधी.

कृष्णेत नको. चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात नदीत मगरी आहेत. मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा या नद्यांत पावसाळ्यात नको. पाणी ओसरलेलं दिसलं तरी वरून कधी वाढेल ते कळत नाही, आणि बंधाऱ्याच्या खाली पाणी माणसाला गोल फिरवून तिथेच ठेवतं. राकसकोपमध्ये नको, ते शहराचं पिण्याचं पाणी आहे. दगडाच्या जुन्या खाणीत तर कधीच नको: कडा सरळ असतात, बाहेर यायला पाय टेकायला जागा नसते, आणि खोल पाणी वरच्यापेक्षा फार गार असतं.

तळं निवडताना एक उताराचा, पाय टेकता येईल असा किनारा हवा. मासे धरणारे जाळी कुठे लावतात ते त्यांनाच विचारा; पायात जाळं अडकलं की चांगला पोहणारासुद्धा गोंधळतो. कंबरेला केशरी बोया बांधा, गडद टोपी घालू नका. काठाला समांतर पोहा, मध्यभागी जाऊ नका. पाण्यात शिरताना आधी मान आणि तोंड भिजवा, मिनिटभर थांबा. गार पाणी एकदम छातीला लागलं की श्वास तुटक होतो. डिसेंबर-जानेवारीत हे फार जाणवतं.

दिशा बघायला दर सहा-आठ हातांनी डोळे पाण्याच्या जेमतेम वर काढायचे, सगळं डोकं नाही. काठावरचं झाड किंवा देवळाचं शिखर खूण म्हणून धरा. गढूळ तळ्यात पोहून आल्यावर अंगावर जखम असेल तर धुऊन घ्या, आणि पुढच्या दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना तळ्यात पोहल्याचं आवर्जून सांगा. लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची, शक्यता ते तपासतील.

सायकल कोणती घेऊ?

आहे ती. ब्रेक धरत असतील आणि चाक डुगडुगत नसेल तर हायब्रिड, गिअरची, जाड टायरची, कुठलीही चालते. २० किलोमीटरमध्ये महागड्या सायकलने वाचणारी मिनिटं तुम्ही पोहण्यातच घालवून बसलेले असता. पैसे आधी हेल्मेटवर घाला. पट्टा लावल्यावर हनुवटीखाली दोन बोटं जावीत, कडा भुवईच्या दोन बोटं वर.

सीटची उंची मात्र पहिल्या दिवशी लावून घ्या. पेडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवल्यावर गुडघा थोडा वाकतो. सीट खाली राहिली तर गुडघा पुढून दुखतो. फार वर गेली तर कंबर डोलते आणि गुडघ्याच्या मागची शीर धरते. गावाकडे सीट खाली ठेवायची सवय असते, कारण सिग्नलला पाय टेकतो. लांब फेरीत तीच सवय त्रास देते.

जुनी रोड बाईक (बारीक टायरची, वाकड्या हँडलची सायकल) मिळतेय, काय बघू?

फ्रेमच्या जोडांवर रंगाखाली बारीक चीर आहे का बघा. असेल तर फुकट मिळाली तरी नको. मग फूटपट्टी घेऊन चेन मोजा. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवलं की बरोबर १२ इंचावर दुसऱ्या पिनचा मध्य यायला हवा. तो १/१६ इंच पुढे गेला असेल तर चेन बदलायची. १/८ इंच गेला असेल तर मागचे दातेही झिजलेत, नवी चेन त्यावर उड्या मारणार. तो खर्च किमतीतून वजा करा. टायरच्या बाजूला भेगा आहेत का तेही बघा.

पंक्चरचं काय?

रोड बाईकला बहुधा बारीक, प्रेस्टा व्हॉल्व असतो. गावच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला बसत नाही. पितळी ॲडॉप्टर अगदी स्वस्त मिळतो, तो सीटखालच्या पिशवीत कायम ठेवा. सोबत एक ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, छोटा पंप.

आपल्याकडचा मुख्य शत्रू बाभळीचा काटा. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. कापड जिथे अडकेल तिथे काट्याचं टोक असतं, बाहेरून दिसतही नाही. ते चिमट्याने काढा. न काढता नवी ट्यूब घातली तर ती दोन किलोमीटरमध्ये बसते आणि मग दुसरी नसते. हवा २५ मिलिमीटर टायरला वजनाप्रमाणे ८० ते ९५ पीएसआय. कमी हवेने खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

सरावाला रस्ते कुठले?

सायकलला हिंडलगा, सुळगा मार्गे वेंगुर्ला रोड आणि किणये, जांबोटीकडचा रस्ता पहाटे चांगले. पुणे-बंगळूर महामार्ग नव्यांसाठी नाही. चढाचा सराव करायचा तर येळ्ळूरचा राजहंसगड. गिअर हलका ठेवून बसूनच चढा. चोर्ला घाट वर्षभर थांबू द्या. उतार ओला असला की तिथे ब्रेकवर सगळं अवलंबून असतं.

उसाचा हंगाम सुरू झाला की सांभाळा. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पहाटे अंधारात निघतात, बऱ्याचदा मागे दिवा नसतो, आणि पडलेली उसाची कांडी चाकाखाली आली तर पुढचं चाक घसरतं. निपाणी, संकेश्वर, चिकोडी भागात उजाडल्यावरच निघा. पुढे-मागे दिवा दिवसाही लावा.

धावायला टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो उत्तम: सावली आणि मऊ माती. नव्यांचे नडगीचे हाड डांबरावर दुखते ते तिथे फारसे दुखत नाही.

पावसाळ्यात सगळंच बंद पडतं, मग गोव्याची तयारी कशी?

गोव्याची शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास येते, म्हणजे तयारीचे महिने नेमके आपल्या पावसाचे. खानापूर आणि जांबोटीकडे सायकल काढणं अवघड, पण जिल्ह्याच्या पूर्वेला पाऊस झपाट्याने कमी होतो. रविवारची लांब फेरी सांबऱ्यावरून बागलकोट रोडने किंवा बैलहोंगलकडे न्या. मधल्या दिवसांत घरी ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) ४५ मिनिटं पुरेशी. पावसातून आल्यावर चेन कोरडी पुसा आणि सायकलचं पातळ तेल एकेका कडीला थेंब-थेंब घाला, जास्तीचं पुसून टाका. मोटारसायकलचं जाड तेल लाल माती धरून ठेवतं आणि चेन कानस लावल्यासारखी झिजते.

आठवडा कसा आखायचा?

नोकरी, शेती, दुकान सांभाळून पाच-सहा तास. बारा आठवड्यांत स्प्रिंट होते. पोहणं दोनदा, शक्य तर तीनदा. सायकल दोनदा, त्यातली एक लांब. धावणं दोनदा. एक दिवस पूर्ण सुट्टी. चौथा आठवडा हलका. धावण्याचं अंतर आठवड्याला साधारण दहा टक्क्यांनी वाढवा; दम आधी वाढतो, हाडं आणि शिरा मागून येतात, म्हणून उत्साह असताना जास्त धावलेलाच माणूस लंगडत घरी बसतो. वेग इतकाच की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं.

आठवड्यातून एकदा सायकलवरून उतरल्या उतरल्या दहा-पंधरा मिनिटं धावा. पहिले एक-दोन किलोमीटर पाय आपले वाटत नाहीत. छोटी पावलं टाका. चार-पाच वेळा केलं की ते अंगवळणी पडतं.

काय खायचं?

सकाळी उठल्यावर केळं किंवा गूळ-पोळी. तासाच्या आतल्या सरावाला पाणी पुरे. दीड तासाच्या वर गेलात तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, चिक्की खिशात मावतात. शर्यतीच्या सकाळी उप्पीट किंवा पोहे, अडीच-तीन तास आधी, तेल कमी. कुंदा शर्यत संपल्यावर. खव्याचं पचायला जड.

ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात संपूर्ण घालायची. अर्ध्या बाटलीत सगळी पुडी ओतली की मळमळ आणि जुलाब होतात.

सरावात जमतं, गोव्यात मात्र धावताना लोक कोसळतात. का?

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, हवा कोरडी आणि गार. किनाऱ्यावर घाम निघतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. शरीराला ही सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. शेवटचे दोन आठवडे काही सराव मुद्दाम अकरा वाजता करा, पाणी सोबत घेऊन. तासभर धावण्याआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा. जितकं घटलं तितका घाम. तो सगळा भरून काढायला जाऊ नका, आणि घटलेल्यापेक्षा जास्त पाणी तर कधीच पिऊ नका; रक्तातलं मीठ उतरतं आणि ते कोसळण्याइतकंच धोक्याचं.

शर्यतीत बाद कशामुळे होतात?

बऱ्याचदा हेल्मेटमुळे. पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि परत आल्यावर सायकल अडकवल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही. ठरलेल्या रेषेच्या आत सायकलवर बसायचं नाही. दुसऱ्याच्या मागे चिकटून हवा चुकवायची नाही: स्प्रिंट, ऑलिम्पिकला १० मीटर अंतर, हाफपासून १२. कानात इअरफोन नको. बाहेरच्या कुणी दिलेली बाटली घ्यायची नाही, घरच्यांनी दिली तरी. त्यांना आधीच सांगून ठेवा.

सायकलजवळ सामान ठेवायची पद्धत: हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे मोकळे, आत चष्मा आणि नंबरचा पट्टा. खाली फडकं, त्यावर बूट, आत थोडी पावडर. हे घरच्या अंगणात पाच वेळा करून बघा.

डॉक्टरांना दाखवायला हवं का?

पस्तिशी ओलांडली असेल, बीपी, साखर, दमा असेल किंवा घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल तर ईसीजी आणि तपासणी करूनच सुरुवात करा. ताप असताना सराव नाही. डेंग्यू किंवा चिकुनगुनियातून उठल्यावर डॉक्टर सांगतील तेव्हाच. छातीत दाब, डाव्या हातात कळ, चक्कर आली तर जागीच थांबा आणि सांगा.

बायकांनी काय बघावं?

लेडीज बॅच आहे का आणि काठावर कोण असतं. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ नायलॉनचा पोहण्याचा पोशाख बहुतेक तलावांत चालतो. सुती कपडे मात्र पाणी धरून खाली ओढतात. पहाटेच्या सायकल फेरीला किमान दोघी-तिघी, आणि घरी रस्ता सांगून. पहिल्या शर्यतीला ट्रायसूटची (तिन्ही प्रकारांत चालणाऱ्या एकाच पोशाखाची) गरज नाही.

कन्नड येत नाही, अडेल का?

क्लबमध्ये मराठी, कन्नड, हिंदी मिसळूनच चालतं. रस्त्यावर गटाने ओरडले जाणारे चार शब्द माहीत असू द्या: निधान म्हणजे सावकाश, निल्ली म्हणजे थांबा, एडक्के डावीकडे, बलक्के उजवीकडे.

वेळेत पोहून झालं नाही तर?

तिथे थांबवतात, पाण्यातून होडीने आणतात. हाफला पोहण्यासाठी सहसा १ तास १० मिनिटं आणि एकूण साडेआठ तास मिळतात. नाव भरण्याआधी तलावात ठरलेलं अंतर सलग दोनदा, दोन वेगळ्या दिवशी पोहून बघा. दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आत आलात तर भरा. उघड्या पाण्यात वाकडंतिकडं पोहून तेवढी मिनिटं जातातच. नाहीतर त्या वर्षी कोल्हापूरकडची एखादी छोटी शर्यत घ्या आणि पुढच्या पावसाळ्यात परत तलावावर या.